नसती चौकशी आणि खरा तपास
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका बी. ए., बी. एड. शिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी अभ्यास, शिस्त, परीक्षा आणि नोकरी या विषयांवर आपण पुष्कळ ऐकता. त्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. आज मात्र मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. ज्या पुस्तकांना आपल्या घरांत 'जासूसी', 'डिटेक्टिव्ह' किंवा सरळ 'खुनाची पुस्तके' म्हणतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. विषय ऐकून काही विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हसू आले आणि काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे मला इथून दिसत आहे. हसणाऱ्यांनी फार हसू नये आणि आठ्या घालणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

हा विषय निवडण्याचे कारण पालकच आहेत. शाळेत भेटायला आलेले पालक अनेकदा विचारतात, "सर, पोरगा वाचतो तर खरा, पण असलं वाचतो. बंद करू का?" प्रश्न प्रामाणिक आहे. 'बंद करा' किंवा 'करू नका' एवढ्या उत्तराने तो सुटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रहस्यकथेप्रमाणे ते शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवीत नाही. चांगली रहस्यकथा मुलाला गुन्हा शिकवीत नाही. ऐकीव गोष्ट वेगळी आणि पुरावा वेगळा, हे ती शिकविते. हा फरक ज्या गावाला कळत नाही, त्या गावात निरपराध माणसे जिवाला मुकतात. हे वाक्य मी टाळ्यांसाठी बोललो नाही. त्याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पुढे देणार आहे.

आता 'चांगली' म्हणजे कोणती, हे पाहू. बाजारात सर्व प्रकारचा माल असतो. मुखपृष्ठावर उघडीवाघडी चित्रे आणि आत नुसता रक्तपात, अशी पुस्तकेही असतात. त्यांची वकिली मी करीत नाही. मी ज्या प्रकाराविषयी बोलतो आहे, त्याला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. म्हणजे उबदार, घरगुती. या कथा लहानशा गावात घडतात. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. गुन्हा घडतो, पण त्याचे किळसवाणे वर्णन नसते. तपास करणारा माणूस पोलीस नसतो. तुमच्या-आमच्यासारखा कोणीतरी असतो. कोणी शिक्षक, कोणी पाद्री, कोणी म्हातारी बाई. त्याच्या हाती पिस्तूल नसते. डोळे, कान आणि डोके एवढेच भांडवल.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल. ख्रिस्तीबाईंचा जन्म 1890 चा आणि मृत्यू 1976 चा. मिस मार्पलची पहिली कादंबरी 1930 मध्ये आली. तिचे नाव 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'. पुढे एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा झाल्या. मिस मार्पल ही अविवाहित वृद्ध बाई. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहते. लोकर विणते, बागेत काम करते, दुर्बिणीतून पक्षी पाहते आणि पक्षी पाहता पाहता रस्त्यावरची माणसेही पाहते! गावातले लोक तिला थोडी भोचकच समजतात. अशी एक तरी दादी किंवा नानी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा मुलगा पुण्याहून परतला, हे ओट्यावर बसल्याबसल्या तिला ठाऊक असते.

मग मिस मार्पल आणि ओट्यावरची भोचक बाई यांत फरक कोणता? दोघीही पाहतात, दोघीही ऐकतात. भोचक बाई ऐकलेले लगेच पुढच्या दारी पोचविते. मिस मार्पल ऐकलेले मनात ठेवते, दुसऱ्या गोष्टीशी ताडून पाहते, आणि जुळले तरच बोलते. माझ्या आजच्या भाषणाचे नाव 'नसती चौकशी आणि खरा तपास' असे आहे, त्याचा अर्थ एवढाच.

त्या पहिल्या कादंबरीतली एक गंमत सांगतो. गुन्हेगार कोण हे सांगणार नाही, कारण तो वाचणाऱ्यांवर अन्याय होईल. गावच्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत एका कर्नलचा खून होतो. टेबलावरचे घड्याळ पडून बंद पडलेले असते. घड्याळातली वेळ पाहून इन्स्पेक्टर खुनाची वेळ ठरवून मोकळा होतो. पण ते घड्याळ मुळातच पंधरा मिनिटे पुढे ठेवलेले असते, आणि ही गोष्ट पाद्र्याला माहीत असते. तो बिचारा सांगू पाहतो, पण इन्स्पेक्टरसाहेबांना ऐकायला सवड कुठे? ते बोलणे तोडून निघून जातात. घड्याळ खोटे बोलत नव्हते, माणूसही खोटे बोलत नव्हता. ऐकणाऱ्याला घाई होती. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत प्रश्न अर्धा वाचून जे उत्तर लिहायला लागतात, त्यांनी या इन्स्पेक्टरला ओळखले असेलच!

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घड्याळाची ही माहिती लेखिकेने वाचकापासून लपविलेली नाही. ती तुमच्यासमोरच मांडलेली आहे. या जातीच्या रहस्यकथांचा हा नियमच आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने 1929 मध्ये अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यांतला एक असा की, तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो वाचकालाही तत्काळ दाखविला पाहिजे. म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यात हा एक प्रामाणिक सामना असतो. पुस्तक संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचले की कपाळावर हात मारावासा वाटतो. उत्तर पहिल्या काही पानांतच पडलेले असते; आपण त्यावरून डोळे फिरवून पुढे गेलेलो असतो. सावकाश वाचण्याचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

हे सर्व इंग्रजांचे, आपले काय, असे कोणी विचारील. आपल्याकडेही ही परंपरा समृद्ध आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची नावे आजच्या आजोबांना विचारा. त्यांचे डोळे चमकतील. अक्षरओळख झालेल्या कितीतरी मराठी माणसांना पुस्तक संपवायची सवय या पुस्तकांनी लावली. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे निर्माण केला. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किरकोळ अंगाचा मुलगा, विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर भरधाव फिरणारा. त्याच्याजवळ ना पैसा, ना ओळखी. पण जे इतरांना दिसत नाही ते त्याला दिसते, आणि दिसल्यावर तो स्वस्थ बसत नाही. खेड्यातून शहराच्या शाळेत आलेला मुलगा बुद्धीने कोणाहून कमी नसतो, हे भागवतांनी भाषण न देता सांगितले. कारंजा, मानोऱ्याहून बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी फेणे जरूर वाचावा.

आणि उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी यांचे नाव माहीत नाही असे कसे होईल? त्यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म 1928 चा, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावचा. 1952 मध्ये अलाहाबादेतून त्यांची 'जासूसी दुनिया' ही माला सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, आणि 1955 पासून त्यांनी इमरानची माला लिहिली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या जोडीवर दोन्ही देशांतील वाचकांनी सारखेच प्रेम केले. त्यांनी हे लिखाण का सुरू केले, तेही ऐकण्यासारखे आहे. उर्दूत फक्त अश्लील लिहिले तरच खपते, असे एका बैठकीत कोणी म्हणाले. असरार अहमद यांनी ते मान्य केले नाही, आणि स्वच्छ लिहूनही वाचक मिळतो हे त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे 1980 पर्यंत, लिहून सिद्ध केले. तिकडे बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1932 पासून ब्योमकेश बक्षी लिहिला. ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नाही. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवितो, सत्य शोधणारा. मला तर हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरावर लिहावा असा वाटतो.

आता एक आक्षेप, जो काही बुजुर्ग मंडळींनी माझ्यापुढे मांडला आहे. ते म्हणतात, जासूसी करणे आपल्याकडे मना आहे. मग जासूसाची पुस्तके कशी चालतील? आक्षेप वजनदार आहे. कुरआन शरीफच्या एकोणपन्नासाव्या सुरेत, म्हणजे सूरह हुजुरातमध्ये, बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई आहे : अतिसंशय करणे, दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरून काढणे आणि पाठीमागे निंदा करणे. उकरून काढण्यासाठी तेथे जो शब्द आहे, तो 'तजस्सुस'च्या घरचा, आणि 'जासूस' हा शब्दही त्याच घरचा. पण त्याच सुरेच्या सहाव्या आयतीत काय सांगितले आहे? बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणता कोणावर तरी अन्याय कराल आणि मागाहून पस्तावाल. एकाच सुरेत दोन्ही आज्ञा आहेत. शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावू नका, आणि शेजाऱ्याविषयी कोणी काही सांगितले तर तपासल्याशिवाय मानू नका. पहिली नसत्या चौकशीला बंदी आहे, दुसरी खऱ्या तपासाची सक्ती आहे. गंमत पाहा, उर्दूत 'तजस्सुस' या शब्दाचा अर्थ जिज्ञासा असाही होतो. जिज्ञासा तीच, ती कोणत्या दारी नेऊन उभी करायची, हे आपल्या हाती असते.

कायदाही हेच सांगतो. आपल्याकडे 1872 चा पुरावा कायदा होता. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कायदा बदलला, पण एक तत्त्व तेच राहिले. ज्याने पाहिले त्याने स्वतः येऊन सांगावे, ज्याने ऐकले त्यानेच कोर्टात उभे राहावे. 'लोक म्हणतात' ही साक्ष होत नाही.

आता मी म्हटलेले उदाहरण सांगतो. मन घट्ट करून ऐका. 1 जुलै 2018. आपला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे आपल्या जिल्ह्याला वीस वर्षे पूर्ण झाली तोच हा दिवस. वार रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. त्या दिवसांत मोबाईलवर मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. बाजारात कोणाला तरी संशय आला. संशयाचा शब्द झाला, शब्दाचा जमाव झाला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारण्यात आले. पाचही जण निरपराध होते. मुले पळविण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. एवढ्या मोठ्या बाजारात 'हे कोणी पाहिले?' असा एक प्रश्न जमावाला थांबवील इतक्या जोराने विचारला गेला नाही. पुढे 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवेला बळी पडले. मरणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे अफवा पाहत नाही.

याच जुलैच्या सुमारास मालेगावात दुसरी गोष्ट घडली. आपल्या जिल्ह्यातले मालेगाव नव्हे, नाशिक जिल्ह्यातले. तिथेही बाहेरगावच्या एका कुटुंबाभोवती असाच जमाव जमला. त्यांच्यासोबत लहान मूल होते. पण तिथे एका स्थानिक माणसाने त्यांना घरात घेतले, आणि पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढले. अफवा तीच, जमाव तसाच. फरक इतकाच की तिथे कोणीतरी क्षणभर थांबले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीने बोटाला मर्यादा घातली. मनाला मर्यादा घालणे आपले काम आहे.

या घटनांचा आणि कादंबरीचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. लहान गावाची रहस्यकथा वाचा. गुन्हा घडताच गाव काय म्हणते? 'कोणीतरी बाहेरचा असेल, भटका असेल.' जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हे वाक्य असते, आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ते खोटे ठरते. वाचणारे मूल दहा पुस्तकांत दहा वेळा पाहते की, ज्याच्यावर सर्वांनी आधी बोट दाखविले तो निर्दोष निघाला. मघाशी सांगितलेल्या नॉक्सच्या दहा नियमांत एक विचित्र नियम होता : कथेत चिनी माणूस आणायचा नाही. त्या काळचे आळशी लेखक उठसूट चिनी माणसालाच खलनायक करीत; त्या सवयीला मारलेला हा टोला होता. वेष, बोली, जात किंवा धर्म पाहून गुन्हेगार ठरविणे हा लेखनातला आळस आहे, असे ज्यांच्या लक्षात आले, त्यांनीच चांगल्या रहस्यकथा लिहिल्या. विनापुरावा संशय आपल्यावर येतो तेव्हा किती बोचतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच तो दुसऱ्यावर घेताना आपली जबाबदारी दुप्पट आहे.

आता अभ्यासाचा प्रश्न. 'हे वाचून गुण मिळतात का?' मिळतात, पण थेट नाही. तपास म्हणजे निरीक्षण आणि गणित. काझी अजीजुल हक यांचे नाव किती विद्यार्थ्यांनी ऐकले आहे? हे बंगालचे गृहस्थ. पूर्वी गुन्हेगार ओळखण्यासाठी त्याच्या शरीराची मापे घेत. नंतर बोटांच्या ठशांचे महत्त्व कळले, पण हजारो ठशांतून एक ठसा शोधायचा कसा? 1897 मध्ये कोलकात्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. तिथे एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस काम करीत. हक यांनी गणिताने ठशांची वर्गवारी बसविली. बत्तीस उभे आणि बत्तीस आडवे, असे एक हजार चोवीस कप्पे! ठसा आला की तो कोणत्या कप्प्यात जाणार हे सूत्राने ठरू लागले. 1901 मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली. पद्धतीला नाव मात्र साहेबांचे लागले. पण ज्या पद्धतीने पुढे जगभर गुन्हेगार पकडले गेले आणि निरपराधही सुटले, तिच्या मागे गणिताच्या वहीवर वाकलेला आपल्यासारखाच एक विद्यार्थी होता, हे विसरू नका.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी एक शब्द. 1930 या एकाच वर्षी इंग्लंडात मिस मार्पलची पहिली कादंबरी आली आणि अमेरिकेत नॅन्सी ड्र्यू या शाळकरी वयाच्या मुलीच्या कथा सुरू झाल्या. एक म्हातारी, एक कोवळी पोरगी. दोघींनाही सुरुवातीस कोणी मोजीत नाही, आणि शेवटी दोघींचेच म्हणणे खरे निघते. 'तुला काय कळतं त्यातलं?' असे कोणी म्हणाले तर रागावू नका. पुरावा घेऊन या.

आमच्या शाळेतला एक प्रयोग सांगतो. आठवीच्या वर्गात शनिवारच्या शेवटच्या तासाला मी रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवितो आणि शेवटच्या प्रकरणापूर्वी थांबतो. मग मुले वहीत तीन रकाने आखतात : 'पाहिले', 'ऐकले' आणि 'वाटले'. कथेतली प्रत्येक गोष्ट त्यांनी योग्य रकान्यात टाकायची. सुरुवातीला सगळ्यांचा 'वाटले'चा रकाना पानभर आणि 'पाहिले'चा दोन ओळी. चार-सहा कथांनंतर हे प्रमाण बदलू लागते.

दोन वर्षांपूर्वी त्याच वर्गात एका मुलीची नवी कंपासपेटी हरवली. मधल्या सुट्टीनंतर साऱ्या वर्गाने एकाच मुलाचे नाव घेतले. तो नवीन आला होता. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. मी काही बोललो नाही. फळ्यावर तेच तीन रकाने आखले आणि म्हटले, सांगा. 'वाटले'मध्ये अकरा गोष्टी आल्या. 'ऐकले'मध्ये दोन. 'पाहिले' कोरा राहिला. वर्ग गप्प झाला. शेवटी जिची पेटी हरवली होती तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाहिलं तर कुणीच नाही. मग आपण त्याचं नाव कशावरून घेतलं?" त्या प्रश्नाला वर्गाजवळ उत्तर नव्हते. कंपासपेटी आजतागायत सापडलेली नाही. पण तो मुलगा शाळा सोडून गेला नाही. यंदा तो दहावीला आहे.

या प्रसंगातून रहस्यकथेची मर्यादाही तुमच्या लक्षात आली असेल. पुस्तकात शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार सापडतोच. लेखकाने तो आधीच ठरविलेला असतो. आयुष्यात तसे होत नाही. कितीतरी पेट्या सापडत नाहीत. अशा वेळी 'माहीत नाही' हेच खरे उत्तर असते, आणि ते म्हणायला हिंमत लागते. पुस्तक मुलाला पुरावा मागायला शिकवील. पुरावा नसताना गप्प राहायला मात्र घराने आणि शाळेनेच शिकविले पाहिजे. तसेच पुस्तकातली मिस मार्पल एकटीने तपास करते म्हणून मुलांनी कोणाच्या मागे फिरू नये. खरी शंका असेल तर ती घरच्या वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना आणि जरूर पडली तर पोलिसांना सांगावी. ती ना चौकात बोलावी, ना मोबाईलवर टाकावी.

पालकांना माझी तीन-चार कळकळीची मागणी आहेत. मुलाच्या दप्तरात असे पुस्तक दिसले तर ते फाडू नका, लपवू नका. आधी स्वतः त्याची वीस पाने वाचा. गलिच्छ असेल तर कारण सांगून परत करायला लावा. चांगले असेल तर रात्री जेवताना विचारा, "काय रे, तुझा संशय कोणावर आहे? कशावरून?" 'कशावरून' हा शब्द सोडू नका. ज्या घरात हा शब्द रोज वापरला जातो, त्या घरात अफवेला बसायला जागा मिळत नाही. अभ्यासाची वेळ आणि वाचनाची वेळ वेगळी ठरवून द्या. आणि मुलाला गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद करा. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते. ती आपलीच आहेत. तिथे आपल्या मुलांची नावे कमी असतील, तर तो दोष ग्रंथालयाचा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. शेवटचे पान आधी उघडू नका. ती स्वतःच्याच घरातली चोरी आहे. शेवटच्या प्रकरणापूर्वी पुस्तक मिटा आणि तीन रकाने आखा. तुमचे उत्तर चुकले तर दुसऱ्यांदा वाचा आणि आपण कुठे घसरलो ते शोधा. ख्रिस्तीबाईंच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत, फास्टर फेणे तर मराठीतलाच आहे, आणि इब्ने सफी उर्दूत आहेत. दोन्ही भाषा तुमच्या आहेत, दोन्हींत वाचा. आणि उद्या मोबाईलवर कोणाविषयी काही आले, तर पुढे पाठविण्यापूर्वी तेच तीन रकाने मनात आखा. मी पाहिले का? कोणाकडून ऐकले? की मला नुसते वाटते? पहिला रकाना कोरा असेल, तर बोट तिथेच थांबवा. कदाचित त्या एका थांबण्याने कुठल्यातरी बाजारात कोणा वाटसरूचा जीव वाचेल. कोणाचा वाचला, हे तुम्हाला कधी कळणारही नाही.